परक्या भाषेच्या शाळेत गेलेली मुलं

आंतरराष्ट्रीय भाषाशाळेतून कुणी शिकून आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: नोकरीला याचा उपयोग काय? प्रश्न रास्त आहे, आणि तो आजचाही नाही. अशा शाळा सुरू झाल्या त्याच मुळी कुणाच्या तरी कामाच्या गरजेतून. पण त्यांचा जवळजवळ पावणेपाचशे वर्षांचा इतिहास चाळताना मला एक गोष्ट सतत दिसत राहिली. ज्या कामासाठी शाळेनं मुलाला भाषा शिकवली, ते काम पुष्कळदा काही वर्षांत संपलं. भाषा मात्र जन्मभर पुरली, आणि तिनं माणसाला अशा ठिकाणी नेलं जिथे त्याला धाडावं असं शाळेच्या मनातही नव्हतं.

सुरुवात व्हेनिसपासून करावी लागते. सोळाव्या शतकात व्हेनिसचा पूर्वेकडचा व्यापार ओटोमन सुलतानाच्या मर्जीवर चाले. कॉन्स्टँटिनोपलमधल्या (आजचं इस्तंबूल) व्हेनिसच्या वकिलाला, म्हणजे राजदूताला, दरबारात काही बोलायचं तर दुभाष्यावाचून गत्यंतर नसे, आणि दुभाषे बहुधा तिथल्याच घराण्यांतले, सुलतानाच्या प्रजेपैकी. आपलं गुपित आपल्याच माणसाच्या तोंडून जावं, म्हणून १५५१ मध्ये व्हेनिसनं आपली तरुण मुलं वकिलाच्या घरी ठेवून तुर्की शिकवायचं ठरवलं. त्यांना नावच पडलं ‘भाषेची मुलं’. पुढे फ्रान्सनं तोच कित्ता गिरवला. १६६९ मध्ये चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर यानं नऊ-दहा वर्षांच्या फ्रेंच मुलांना कॉन्स्टँटिनोपल आणि स्मर्ना (आजचं इझमीर) इथल्या कॅपुचिन या ख्रिस्ती साधूंच्या मठांत पाठवायची व्यवस्था केली.

नऊ वर्षांचं पोर. भाषा कोवळ्या वयात जिभेवर बसते हे तेव्हाच्या मंत्र्यांना बरोबर ठाऊक होतं. त्या वयात घर सुटलं की काय होतं, याचा विचार कागदपत्रांत फारसा सापडत नाही.

या परंपरेतून आलेला एक माणूस म्हणजे मार्सेचा व्हाँत्यूर द पारादी. जन्म १७३९. दुभाष्यांच्या शाळेत शिकला आणि कॉन्स्टँटिनोपल, कैरो, ट्युनिस अशा ठिकाणी त्याची उभी हयात गेली. १७९८ मध्ये नेपोलियन इजिप्तवर चालून गेला तेव्हा सैन्याचा मुख्य दुभाषा तोच होता, आणि दुसऱ्याच वर्षी त्या मोहिमेत तो वारला. सरकारच्या दृष्टीनं शाळेचा खर्च वसूल झाला. पण त्यानं आणखी एक काम करून ठेवलं होतं: उत्तर आफ्रिकेतल्या बर्बर लोकांच्या भाषेचं व्याकरण आणि कोश. ते छापून आलं १८४४ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर पंचेचाळीस वर्षांनी. त्याला शिकवल्या होत्या दरबाराच्या भाषा. एकदा परक्या भाषेत शिरायची वाट सापडली की माणूस न सांगितलेल्या भाषांचीही दारं ठोठावतो.

व्हिएन्नाचं उदाहरण तर मला अधिकच प्रिय आहे. मारिया थेरेसा राणीनं १७५४ मध्ये तिथे पौर्वात्य भाषांची अकादमी काढली. हेतू तोच, तुर्कस्तानशी व्यवहार करणारे अधिकारी तयार करणं. पंधरा वर्षांचा योझेफ हामर तिथे दाखल झाला आणि तुर्की, अरबी, फारसी शिकून दुभाषा झाला. त्याला पूर्वेकडे मोठी वकिलात हवी होती, ती कधीच मिळाली नाही. व्हिएन्नात परत बोलावल्यावर त्यानं फारसी कवी हाफिजचा सगळा दिवाण, म्हणजे काव्यसंग्रह, जर्मनमध्ये आणला. १८१२-१३ मध्ये तो छापला गेला, १८१४ मध्ये जर्मन कवी गटेच्या हाती पडला, आणि पासष्टीच्या उंबरठ्यावरच्या त्या कवीला नवी पालवी फुटली. सरहद्दीवरच्या वाटाघाटींसाठी उघडलेल्या शाळेनं जर्मन कवितेला हाफिज दिला. हामर पुढे १८४७ मध्ये ऑस्ट्रियाच्या विज्ञान अकादमीचा पहिला अध्यक्ष झाला.

कलकत्त्याचं फोर्ट विल्यम कॉलेज (१८००) याच जातकुळीतलं. कंपनीच्या कोवळ्या इंग्रज नोकरांना इथल्या भाषा याव्यात म्हणून ते निघालं. ख्रिस्ती मिशनरी विल्यम कॅरी तिथे मराठीही शिकवत. १८०५ चं त्यांचं मराठी व्याकरण आणि १८१० चा कोश या शिकवण्याच्या गरजेतूनच जन्मले. म्हणजे भाषाशाळा शिकणाऱ्यालाच घडवते असं नाही, शिकवल्या जाणाऱ्या भाषेवरही तिचा हात फिरतो.

इथवर एक गोष्ट समान होती: सगळे विद्यार्थी एका देशाचे. निरनिराळ्या देशांची माणसं एका बाकावर बसायची तर आधी शिकवण्याची रीत बदलायला हवी होती, आणि ती बदलली जवळजवळ अपघातानं. जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या मॅक्सिमिलियन बर्लिट्झ यांनी १८७८ मध्ये ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स इथे भाषावर्ग सुरू केले. निकोलस जोली नावाच्या फ्रेंच माणसाला त्यांनी पत्रं वाचून नोकरीवर घेतलं. तो आल्यावर कळलं की त्याला इंग्रजीचा गंधही नाही. त्यातच बर्लिट्झ आजारी पडले. वस्तूंकडे बोट दाखव, हातवारे कर, क्रियापदं करून दाखव, एवढं सांगून त्यांनी वर्ग त्याच्यावर सोडला. काही आठवड्यांनी धास्तावत परत आले तर विद्यार्थी फ्रेंचमध्ये सवाल-जवाब करत होते. संस्थेच्या परंपरेत ही हकिकत अशीच सांगितली जाते.

या प्रसंगातून ‘थेट पद्धत’ पसरली हे सगळे सांगतात. मला त्यातली दुसरी बाजू मोलाची वाटते. जोपर्यंत शिक्षक विद्यार्थ्यांच्या मातृभाषेतून समजावून सांगत होता, तोपर्यंत वर्ग एकाच भाषेच्या लोकांचा असणं भाग होतं. मातृभाषा वर्गाबाहेर गेली आणि कुठलाही माणूस कुणाच्याही शेजारी बसू शकला. आंतरराष्ट्रीय वर्ग खऱ्या अर्थानं तिथून शक्य झाला. अमेरिकेतल्या मिडलबरी कॉलेजनं १९१५ मध्ये उन्हाळी जर्मन शाळा काढली, आणि शिकत असलेल्या भाषेखेरीज दुसरी बोलणार नाही अशी विद्यार्थ्यांची प्रतिज्ञा हीच पुढे तिथल्या भाषाशाळांची ओळख झाली. ती आजही घ्यावी लागते.

अशा वर्गाचा पहिला आठवडा जवळून पाहावा. खुर्च्या अर्धवर्तुळात मांडलेल्या. एक शल्यविशारद आहे, दोन मुलांची आई आहे, नुकती शाळा संपवलेला एकोणीस वर्षांचा पोरगा आहे. शिक्षिका विचारते, काल काय केलंत? डॉक्टरांच्या डोक्यात उत्तर तयार आहे, त्याला विनोदाची फोडणीही आहे. तोंडून मात्र निघतं, ‘मी... काल... घर...’ आणि गाडी अडते. भूतकाळाचं रूप सापडत नाही. कान लाल होतात. शेजारचा पोरगा हळूच शब्द पुरवतो, डॉक्टर तो घेतात आणि वाक्य कसंबसं पुरं करतात. वीस वर्षांचा हुद्दा त्या दारापाशी गळून पडलेला असतो. स्वतःच्या भाषेत आपण कोण होतो हे इथे कुणालाच माहीत नाही, आणि सांगायला शब्द नाहीत.

पुढच्या आयुष्यावर उमटणारा सगळ्यात खोल ठसा हाच आहे असं माझं ठाम मत आहे. व्याकरण वापरलं नाही तर गंजतं. पण आपण बुद्धिमान असून मठ्ठ दिसलो होतो, ही आठवण जात नाही. असा माणूस पुढे कुठल्या कचेरीच्या खिडकीमागे बसला आणि समोरचा अडखळत बोलू लागला, तर त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबतो.

परीक्षांचा इतिहासही याच सुमाराचा. केंब्रिजनं १९१३ मध्ये परभाषिकांसाठी इंग्रजी प्रावीण्याची परीक्षा सुरू केली. पहिल्या वर्षी बसले तिघे, आणि तिघेही नापास झाले. आज तसल्या प्रमाणपत्रांवर विद्यापीठांचे प्रवेश आणि व्हिसा ठरतात.

पण परीक्षेतलं अपयश आयुष्याचा निकाल लावतं का, याचं उत्तर टोकियोत सापडतं. १८९५ मध्ये जपानकडून हरल्यावर चीननं जपानकडूनच शिकायचं ठरवलं. १८९६ मध्ये तेरा विद्यार्थी आले. त्यांची जबाबदारी ज्युडोचे जनक कानो जिगोरो यांच्यावर आली आणि पुढे त्यातूनच कोबुन गाकुइन ही शाळा उभी राहिली. आधी जपानी, मग पुढचं शिक्षण, अशी रीत. १९०२ मध्ये तिथे आलेला एक मुलगा पुढे लू शुन या नावानं आधुनिक चिनी साहित्याचा अग्रणी झाला. तो वैद्यकी शिकायला निघाला होता. जपानी आल्यावर त्या भाषेतून युरोपचं साहित्य त्याच्यापुढे खुलं झालं आणि वैद्यकी मागे पडली. त्या पिढीच्या विद्यार्थ्यांनी समाज, अर्थव्यवस्था, विज्ञान यांसाठी जपानीत घडलेले शब्द चिनी भाषेत नेले. ते आज चिनी माणूस आपलेच म्हणून वापरतो.

१९१७ मध्ये चौ एन-लाय टोकियोला आले आणि परदेशी विद्यार्थ्यांच्या एका तयारी शाळेत जपानी शिकू लागले. दोन मोठ्या संस्थांच्या प्रवेशपरीक्षा दिल्या, दोन्ही हुकल्या. १९१९ मध्ये ते रिकाम्या हातानं मायदेशी परतले. १९७२ मध्ये चीन आणि जपान यांचे राजनैतिक संबंध पुन्हा जुळले, तेव्हा चीनचे पंतप्रधान तेच होते. टोकियोच्या जिम्बोचो भागात त्या शाळेच्या जागी आज एक शिळा आहे. चौ एन-लाय इथे शिकले, असं तिच्यावर कोरलं आहे.

पहिल्या महायुद्धानंतर चित्र पालटलं. युद्धाआधीही आंतरराष्ट्रीय शाळेचे प्रयत्न झाले होते. लंडनजवळ स्प्रिंग ग्रोव्ह इथे १८६६ मध्ये निघालेल्या शाळेची कल्पना अशी की मुलांनी काही वर्षं इंग्लंड, काही फ्रान्स, काही जर्मनी असं फिरत शिकावं. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया हे जर्मन राज्य लढाईला उभे राहिले आणि ती कल्पना तिथेच मोडली. १९२४ मध्ये जिनिव्हात राष्ट्रसंघाच्या आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या कर्मचाऱ्यांनी आपल्या मुलांसाठी फ्रेंच-इंग्रजी शाळा उघडली. आता राज्याला दुभाषे नको होते, पालकांना घरापासून दूर वाढणाऱ्या लेकरांसाठी शाळा हवी होती. १९५३ मध्ये लक्झेंबर्गला कोळसा-पोलाद समुदायाच्या (आजच्या युरोपीय संघाचा पूर्वज) कर्मचाऱ्यांनी पहिली ‘युरोपीय शाळा’ काढली. ज्यांचे बाप आठ वर्षांपूर्वी एकमेकांवर बंदुका रोखून होते, ती मुलं एका छताखाली. प्रत्येकाला आपापल्या भाषेत शिक्षण, दुसरी भाषा पहिलीपासून, आणि वरच्या वर्गांत इतिहास-भूगोल त्या दुसऱ्या भाषेतून. हा शेवटचा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. आपल्याच देशाचा इतिहास दुसऱ्याच्या भाषेत शिकताना ‘आम्ही’ आणि ‘ते’ हे शब्द जपून वापरावे लागतात.

अशा शाळांतून एकाच विचाराची माणसं निघतात, असं मात्र नाही. ब्रसेल्सच्या युरोपीय शाळेत उर्सुला फॉन डेर लायेन १९७१ पर्यंत शिकल्या. १९७३ मध्ये त्याच शाळेत बोरिस जॉन्सन आले. दोघांचेही वडील युरोपीय आयोगात, म्हणजे आजच्या युरोपीय संघाच्या कारभारी मंडळात, नोकरीला होते. ९ डिसेंबर २०२० च्या रात्री ब्रसेल्समध्ये दोघं एका टेबलावर समोरासमोर बसले ते ब्रेक्झिटनंतरच्या व्यापार कराराची कोंडी फोडायला. एक आयोगाच्या अध्यक्ष, दुसरे ब्रिटनला युरोपीय संघातून बाहेर काढणारे पंतप्रधान. शाळेनं ओळख दिली, मत दिलं नाही. करार २४ डिसेंबरला झाला.

समाजवादी देशांत वाट निराळी होती. मॉस्कोत १९६० मध्ये निघालेल्या लोकमैत्री विद्यापीठात आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेतले विद्यार्थी आधी रशियन शिकत. पूर्व जर्मनीत लाइपझिगची हर्डर संस्था हेच काम जर्मनसाठी करी. १९७५ मध्ये चिलीतून परागंदा झालेली एक वैद्यकीची विद्यार्थिनी तिथे जर्मन शिकली. तिचे वडील लष्करी राजवटीच्या तुरुंगात दगावले होते आणि तिनं स्वतःही कोठडी पाहिली होती. मिशेल बॅशेलेट २००६ मध्ये चिलीच्या राष्ट्राध्यक्ष झाल्या. निर्वासितासाठी भाषेचा वर्ग ही हौस नसते. उद्या डॉक्टर म्हणून उभं राहता येईल की नाही, हे त्याच खोलीत ठरतं.

परदेशी वाढणाऱ्या मुलांच्या मनात काय चालतं याकडे शास्त्रानं उशिरा पाहिलं. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रूथ युझीम यांनी पतीबरोबर १९५० च्या दशकात भारतात राहणाऱ्या अमेरिकनांचा अभ्यास केला. त्यातून ‘तिसऱ्या संस्कृतीची मुलं’ ही संज्ञा आली: आईवडिलांची एक संस्कृती, मुक्कामाच्या देशाची दुसरी, आणि दोन्हींच्या मधल्या जागेत मुलांनी उभी केलेली तिसरी. ‘तू मूळचा कुठला?’ हा साधा प्रश्न त्यांना जन्मभर अडवतो. भाषेचा तोटाही खरा आहे. शाळेत एक, घरात एक, अंगणात एक अशा भाषा बोलणाऱ्याला कधीकधी एकाही भाषेत मनातलं तळापर्यंत सांगता येत नाही. जाहिरातींत हे येत नाही, म्हणून इथे सांगितलं पाहिजे.

आकडे वाचतानाही सावध राहावं. युरोपच्या इरास्मस विद्यार्थी-देवाणघेवाणीवरचा २०१४ चा अहवाल सांगतो की परदेशी राहून आलेल्यांत दीर्घ बेकारीचं प्रमाण निम्मं आहे, आणि २७ टक्क्यांना जोडीदार त्याच मुक्कामात भेटला. दुसरा आकडा मला अधिक विश्वासाचा वाटतो. पहिल्यात गोम आहे: बाहेर जायची ऐपत आणि धडाडी ज्याच्यात आधीच होती, तो घरी राहूनही नोकरी मिळवू शकला असता.

वर्गमित्रांचं नातं मात्र कुठल्याच तक्त्यात बसत नाही. दोघांचीही मातृभाषा नसलेल्या भाषेत जुळलेली ही मैत्री. वीस-पंचवीस वर्षांनी फोन येतो तेव्हा दोघं त्याच भाषेत बोलतात, दुसरी सामाईक भाषाच नसते. शब्द आठवेनासे झालेले असतात. क्रियापदाच्या रूपात तेव्हा जी चूक एक करायचा, ती तो आजही करतो, आणि दुसरा त्याला शब्द पुरवतो.