फ्रेंच टोस्टसाठी कालचा ब्रेड मागा

नमस्कार. सकाळी ब्रेड न्यायला येणाऱ्या बऱ्याच ताई-काकूंनी काउंटरवर एकच तक्रार सांगितली, म्हणून हा कागद पाकिटासोबत देतोय. तक्रार अशी की घरी फ्रेंच टोस्ट केला की बाहेरून करपतो आणि आत गिच्च राहतो, ब्रेडमध्ये काही गडबड आहे का? ब्रेड चांगलाच आहे, पण तो त्याच दिवशी भट्टीतून निघालेला असतो ना, तिथंच घोळ होतो.

ताजा ब्रेड आधीच ओलसर आणि मऊ असतो, अंडं-दुधात घातला की उचलेपर्यंत मोडतो. कालचा स्लाइस जरा सुकलेला असतो, तो दूध नीट पितो आणि आकारही सोडत नाही. मुळात हा पदार्थच शिळ्या पावाचा आहे, फ्रान्समध्ये त्याला पां पेर्दू म्हणतात, म्हणजे वाया गेलेला पाव, आपण रात्रीच्या उरलेल्या पोळीची सकाळी फोडणीची पोळी करतो तसंच ते. त्यामुळं कालचा ब्रेड मागायला अजिबात लाजू नका, आणि स्लाइस जाड हवा म्हणून आधी सांगा, बोटभर जाड कापून देतो. आजचाच असेल तर स्लाइस रात्रभर ताटात उघडे ठेवा, वर पातळ फडकं टाका, सकाळपर्यंत काम होतं.

चार जाड स्लाइसला 2 अंडी, अर्धा कप दूध, 2 चमचे साखर, चिमूटभर मीठ आणि वेलची पूड. मीठ विसरू नका, त्याशिवाय गोडाला चव येत नाही. अंडी आधी चांगली फेटा, पांढऱ्याच्या तारा राहिल्या तर टोस्टवर ऑम्लेटसारखे पांढरे ठिपके दिसतात आणि मुलं तेवढंच बघून ताट सरकवतात. पसरट ताटलीत स्लाइस एका बाजूनं 20-25 सेकंद, मग दुसऱ्या बाजूनं तेवढाच वेळ, आणि उचलल्यावर जास्तीचं दूध निथळू द्या.

आता तवा. गॅस बारीक ठेवा, अगदी बारीक, सकाळी शाळेची घाई असते हे माहितीये पण इथं घाई केली की सगळं बिघडतं. अंडं घट्ट व्हायला फार ताप लागत नाही, पण ती ऊब जाड स्लाइसच्या मध्यापर्यंत जायला वेळ लागतो, आणि मोठ्या आचेवर तोवर वरची साखर जळून जाते. नुसतं बटर लवकर काळं पडतं म्हणून त्यात थोडं तेल घाला, नाहीतर सरळ साजूक तूप वापरा, आमच्या घरी तूपच असतं. एका बाजूला 3 मिनिटं तरी द्या. मग उलथन्यानं मधोमध हलकं दाबून बघा, कडेनं दूध सुटलं तर अजून ठेवा, स्पंजसारखं परत वर आलं की झाला.

अंडं न खाणाऱ्यांनी अर्धा कप थंड दुधात एक मोठा चमचा कस्टर्ड पावडर आणि साखर कालवा, बाकी तसंच. तिखट हवा असेल तर साखर-वेलची सोडून कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर बारीक चिरून अंड्यात घाला, आणि तव्यावरनं काढल्या काढल्या वर आपली शेंगा चटणी भुरभुरा, लसणाचा वास गरम तुपात जो काय सुटतो तो एकदा घेऊनच बघा.

ब्रेड फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथं तो बाहेरच्यापेक्षा लवकर कडक आणि भुसभुशीत होतो. पण सोलापूरचा उन्हाळा आपल्याला माहितीये, आणि पावसाळ्यात तर दोन-तीन दिवसांत बुरशी धरते, म्हणून जास्त दिवस ठेवायचा असेल तर स्लाइस पिशवीत घट्ट बांधून फ्रीजरमध्ये टाका आणि लागतील तेवढेच काढा. एका स्लाइसवर जरी हिरवट डाग दिसला तरी अख्खं पाकीट टाका, डाग खरवडून बाकीचा मुलांना देऊ नका, बुरशी आत दिसत नाही पण पसरलेली असते.

कालचा ब्रेड आम्ही वेगळ्या ट्रेमध्ये ठेवतो आणि कालचा म्हणून सांगूनच देतो. रविवारी सकाळी तो लवकर संपतो, म्हणून हवा असेल तर शनिवारी संध्याकाळीच सांगून ठेवा.