‘सक्रिय’ म्हणजे नेमकं कोण? इंडोनेशियातल्या प्राथमिक इस्लाम शिक्षणाची पार्श्वभूमी

इंडोनेशियाच्या प्राथमिक शाळांत इस्लाम विषय मुलांना बोलतं करून शिकवावा, ही मागणी चाळीस वर्षांची आहे. पेसान्त्रेनमध्ये, म्हणजे तिथल्या निवासी इस्लामी धर्मशाळांत, त्याआधीपासून दोन रीती होत्या: सोरोगान, म्हणजे एकेका मुलाने गुरूसमोर बसून वाचायचं, आणि बांदोंगान, म्हणजे गुरूने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. १९६६ नंतर धर्मशिक्षण शाळांत सक्तीचं झालं, तेव्हा वर्गात मुख्यतः दुसरीच रीत उतरली, असं मला वाटतं.

खरा गुंता ‘चे-बे-एस-आ’ या आद्याक्षरांचा. ‘चारा बलाजार सिस्वा आक्तिफ’, विद्यार्थ्याने सक्रिय राहून शिकण्याची पद्धत, हा त्यांचा अर्थ. १९७९ पासून पश्चिम जावातल्या चियांजुर इथे प्रयोग झाला आणि १९८४ च्या अभ्यासक्रमाने ती देशभर नेली. पण वर्ग भरगच्च आणि प्रशिक्षण तुटपुंजं. बाकं गटागटाने मांडली गेली, शिकवणं मात्र फारसं बदललं नाही. लोक त्याच आद्याक्षरांची वेगळीच फोड करू लागले: ‘चातात बुकु साम्पाई आबिस’, पुस्तक संपेपर्यंत उतरवत राहा. इतक्या चांगल्या कल्पनेची अशी थट्टा व्हावी, याचं वाईट वाटतं.

त्याच दशकात योग्यकार्तातल्या कोटागेडे भागात कुराणवाचनाच्या ‘इक्रो’ या सहा पुस्तिका तयार झाल्या. त्यांनीही हीच आद्याक्षरं घेतली, फक्त ‘सिस्वा’ (विद्यार्थी) काढून ‘सान्त्री’ (धर्मशिक्षण घेणारं मूल) घातलं. जुन्या पद्धतीत मूल अक्षराचं आणि स्वरचिन्हाचं नाव घेत ‘अलिफला फतहा, अ’ अशी फोड करत बसे. इथे पहिल्याच पानावर थेट ‘अ, ब’. शिक्षकाला सूचना अशी की नमुना वाचून दाखवा, मग फक्त ऐका, पुढे पुढे सांगू नका. चुकलं तर चुकलेलं अक्षर तेवढं दुरुस्त करा. पुढच्या पुस्तिकेतल्या मुलाने मागच्या पुस्तिकेतल्या मुलाचं वाचन ऐकायचं. माझ्या लेखी सोरोगान इथे परत आली, आणि शाळेतल्या गटकामापेक्षा ‘सक्रिय’ शब्दाला जास्त न्याय याच पद्धतीने दिला.

२०१३ च्या अभ्यासक्रमाने धर्मशिक्षणाच्या नावात ‘सदाचार’ जोडला, आठवड्याचे तास ३ वरून ४ केले आणि निरीक्षण, प्रश्न, माहिती जमवणं, विचार, मांडणी असे पाच टप्पे दिले. वुजूच्या (नमाजाआधी हात-तोंड-पाय धुण्याच्या) पाठाला ते सहज बसतात: एक मूल हात, तोंड, कोपरापर्यंतचे हात क्रमाने धुतं, बाकीची पाहतात, क्रम चुकला की टोकतात. श्रद्धेच्या पाठात मुलांनी प्रश्न कोणते विचारायचे, तिथे मात्र शिक्षक अजूनही अडखळतात.