ओके की स्किप: इन्स्टॉलआधीच्या तपासणीची पार्श्वभूमी

पेरणीआधी आमच्या यवतमाळ जिल्ह्यात घरच्या सोयाबीनची उगवण तपासतात. ओल्या पोत्यात 100 दाणे गुंडाळायचे, 70 फुटले की बियाणं चालतं. हाच माणूस कॉम्प्युटरवर नवी सिस्टीम टाकताना सीडी किंवा पेनड्राइव्ह तपासायला मात्र कंटाळतो. मीही त्यातलाच.

नोव्हेंबर 2003 मध्ये आलेला फेडोरा कोअर 1, म्हणजे लिनक्सची एक फुकट सिस्टीम, तीन सीडींवर यायचा. पहिली लावली की निळ्या पडद्यावर प्रश्न: सीडी तपासू का? ओके किंवा स्किप. 'काय होते बे, दाब स्किप,' हे मित्राचं ठरलेलं उत्तर. सीडी म्हणजे कॉपीची कॉपी, सगळ्यात जास्त स्पीडला बर्न केलेली, एसटीत पिशवीच्या तळाशी धूळ खात आलेली. तिसऱ्या सीडीवर कुठलंसं पॅकेज वाचलं जायचं नाही आणि काम तिथंच अडायचं. जुनी हार्ड डिस्क तोवर पुसून झालेली! त्यात भारनियमनाची वेळ गाठली तर दिवस गेलाच.

त्या ओकेमागचं गणित अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ रोनाल्ड रिव्हेस्ट यांचं. त्यांनी 1991 मध्ये एमडी5 तयार केलं. फाइल केवढीही असो, तिच्यातून 32 अक्षरांचा ठसा निघतो, आणि एक बिट हलला तरी ठसा पार बदलतो. फेडोरामागच्या रेड हॅट कंपनीवाल्यांनी हा ठसा आयएसओच्याच (अख्ख्या सीडीची मिळून एक फाइल) सुरुवातीच्या रिकाम्या जागेत ठेवला, म्हणजे सीडीला स्वतःची परीक्षा घेता आली. इंटरनेट नसलेल्या गावासाठी ही फार मोठी सोय होती, हे मला उशिरा कळलं.

बीएसएनएलचं ब्रॉडबँड 2005 मध्ये सुरू झालं आणि यथावकाश आमच्या एक्स्चेंजला पोचलं. वेग 256 केबीपीएस. काही प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड मोजलं जात नसे. 700 एमबीची आयएसओ पूर्ण वेगातही सहा तासांहून थोडा जास्त वेळ घ्यायची, त्यामुळे शेपूट हमखास दुसऱ्या रात्रीवर. असं तुकड्यातुकड्यानं जोडलेल्या फाइलचा आकार बरोबर दिसे, ठसा मात्र जुळत नसे.

इथवर भांडण धूळ, बर्नर आणि तुटक्या लाइनशी होतं. 20 फेब्रुवारी 2016 ला लिनक्स मिंट या दुसऱ्या एका सिस्टीमचं संकेतस्थळ फोडलं गेलं आणि 17.3 सिनॅमन आवृत्तीच्या डाउनलोडची लिंक चोरदार (आत शिरायची छुपी वाट) बसवलेल्या आयएसओकडे वळवली गेली. अशी आयएसओ बर्न नीट झाली असेल तर स्वतःच्या परीक्षेत आरामात पास होते. बोगस बियाणंही उगवतंच की! आणि जो फाइल बदलू शकतो, तो शेजारी छापलेला ठसाही बदलू शकतो. पाकीट त्याचं, टॅगही त्याचाच. एमडी5 चं गणित तर चिनी गणितज्ञ शाओयुन वांग यांच्या चमूनं 2004 मध्येच मोडून दाखवलं होतं. म्हणून आता ठसा एसएचए-256 चा, 64 अक्षरी, आणि ठशांच्या फाइलवर जीपीजीची सही, म्हणजे फाइल खऱ्या मालकाचीच आहे हे पटवणारी डिजिटल सही. ती सही करण्याची गुप्त किल्ली संकेतस्थळाच्या सर्व्हरवर ठेवायची नसते.

उबुंटू या लिनक्स सिस्टीमनं 20.04 आवृत्तीपासून विचारणंच सोडलं. पेनड्राइव्हवरून चालू होतानाच तपासणी आपोआप सुरू होते. खाली एक ओळ येते, रद्द करायचं असेल तर कंट्रोल-सी दाबा. मित्राची बोटं अजूनही आधी तिकडेच जातात.