घाट चढताना जुन्या ट्रकचे पाणी का उकळते?

मे महिन्याच्या दुपारी बोरघाटात कडेला थांबलेला एखादा जुना ट्रक हमखास दिसतो: बॉनेट उघडलेले, मागच्या ट्रेलरवर सळया लादलेल्या, चाकांमागे दगड लावलेले आणि क्लीनरच्या हातात पाण्याचा कॅन. ‘इंजिन म्हातारे झाले’ असे म्हणून हा विषय बहुधा मिटवला जातो. थोडा हिशेब मांडला, तर इंजिनाच्या वयापेक्षा चढ, वेग आणि वारा यांच्या जमाखर्चातच खरी गोम असल्याचे दिसते.

ट्रक, ट्रेलर आणि माल मिळून २० टन वजन धरू. खोपोलीहून खंडाळ्यापर्यंत ते सुमारे ५०० मीटर वर न्यायचे, तर नुसत्या गुरुत्वाकर्षणाविरुद्ध जवळपास १० कोटी ज्यूल खर्ची पडतात. जुन्या डिझेल इंजिनात इंधनातील ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग गाडी ओढण्याच्या कामी येतो, साधारण तेवढाच सायलेन्सरमधून निघून जातो आणि उरलेल्यातला बराचसा इंजिनाभोवतीच्या पाण्यात उतरतो. म्हणजे घाट संपेपर्यंत आणखी सुमारे १० कोटी ज्यूल उष्णता रेडिएटरला, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या पुढच्या जाळीला, हवेत सोडावी लागते. ती बाहेर पडली नाही, तर ४० लिटर उकळत्या पाण्याची वाफ करायला पुरेल. चढ वीसास एक आणि वेग ताशी २० किलोमीटर असेल, तर हे सगळे अर्ध्या तासात घडते. जणू २ किलोवॉटचे पंचवीस-तीस गिझर इंजिनाच्या पाण्यात एकदम चालू केले आहेत. हीच गाडी सपाटीवर ताशी ४० किलोमीटरने चालवायला याच्या निम्मीही शक्ती लागत नाही, आणि वर समोरून येणारा वारा दुप्पट असतो. घाटात उष्णता वाढते नेमकी तेव्हाच वारा कमी होतो.

अशा वेळी सगळी भिस्त पंख्यावर असते. ही उष्णता वाहून न्यायला सेकंदाला दोनेक लिटर पाणी फिरले तरी भागते, पण हवा मात्र सेकंदाला दीड-दोन हजार लिटर लागते. म्हणूनच पंख्याभोवतीचे पत्र्याचे कडे ही शोभेची वस्तू नव्हे. एखाद्या दुरुस्तीत ते काढून गॅरेजच्या कोपऱ्यात टाकले गेले, की पंखा जाळीतून ताजी हवा ओढण्याऐवजी इंजिनाजवळची तापलेली हवाच घुसळत बसतो. जाळीत अडकलेला चिखल आणि किडे काढताना पाण्याची धार इंजिनाच्या बाजूने पुढे मारावी, म्हणजे घाण आली त्याच वाटेने बाहेर पडते.

जुन्या ट्रकमध्ये पंखा आणि पाण्याचा पंप दोन्ही पट्ट्याने इंजिनाला बांधलेले असल्यामुळे चालकाच्या हातातला सर्वांत मोठा उपाय म्हणजे गिअर. वरच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून, धापा टाकत चढणाऱ्या गाडीचा पंखाही मंदावतो. इंजिनाचे फेरे तेच ठेवून खालच्या गिअरमध्ये वेग २० वरून १२ वर आणला, तर दर मिनिटाला निर्माण होणारी उष्णता जवळपास त्याच प्रमाणात घटते. पंखा आणि पंप मात्र पूर्वीच्याच जोमाने फिरत राहतात. एकूण उष्णता फारशी कमी होत नाही, ती अधिक वेळात वाटली जाते. खालच्या गिअरमध्ये इंजिनाचा आवाज वाढतो म्हणून त्यावर ताण येतो, हा समज इथे उलटा ठरतो.

हवामानाचा वाटाही मोठा आहे. पाणी ९० अंशांवर आणि बाहेरची हवा २० अंशांवर असेल, तर फरक ७० अंशांचा. हवा ४२ अंशांवर गेली, की तो ४८ उरतो आणि रेडिएटरची क्षमता जवळपास एक तृतीयांशाने घसरते. जड ओझे असेल, तर पहाटे घाट गाठण्याची जुन्या चालकांची रीत शास्त्राला धरूनच आहे.

बोअरवेलचे पाणी मात्र रोज ओतू नये. त्यातले क्षार इंजिनाच्या आतल्या भिंतीवर पांढऱ्या थराने बसतात, आणि असा एक मिलिमीटर थर उष्णतेला जेवढा अडवतो तेवढा अडवायला बिडाची काही सेंटिमीटर जाड भिंत लागेल. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट यांचा खर्च हेडच्या, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाच्या, दुरुस्तीपुढे किरकोळ आहे. रेडिएटरचे झाकण कुकरच्या शिट्टीसारखे काम करते: आत जवळपास एका वातावरणाइतका जादा दाब टिकला, तर पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचे रबर कडक झाले, की ही सवलत गेली. खालचा होजपाइपही बोटांनी दाबून पाहावा. त्याच्या आतली स्प्रिंग गंजून गेली असेल, तर पंपाच्या ओढीने तो चपटा होतो आणि फेरे वाढवावेत तसे पाणी कमी पोहोचते. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापेपर्यंत ते रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून टाकण्याचा सल्ला काही जण देतात, तो मला पटत नाही. सपाटीवर इंजिन थंड राहून झिजते, आणि काही इंजिनांत तर पाणी रेडिएटर टाळून बायपासनेच फिरू लागते.

तापमानाचा काटा लाल रेषेकडे सरकलाच, तर गाडी बाजूला घेऊन, हँडब्रेक ओढून, न्यूट्रलमध्ये इंजिन थोड्या वाढीव फेऱ्यांवर काही मिनिटे चालू ठेवावे. एकदम बंद केल्यास पाणी थबकते आणि हेडमधली साठलेली उष्णता ते जागच्या जागी उकळवते. पट्टा तुटला असेल किंवा पाणी वाहून गेले असेल, तर मात्र इंजिन तत्काळ बंदच करावे. झाकण तापलेले असताना उघडू नये, वर ओले गोणपाट धरूनही नाही. दाब सुटताक्षणी आतले पाणी उसळून अंगावर येते. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतल्यास हेडला तडा जाऊ शकतो.

चढावर धापा टाकणाऱ्या गाडीचा काटा एकाएकी खाली आला, तर हायसे वाटून घेऊ नये. तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तोवरच खरे सांगतो. पाण्याची पातळी त्याच्याखाली गेली, की तो इंजिन थंड असल्याचे दाखवू लागतो.