मानेवरचा काळा पट्टा

आठवी-दहावीतल्या मुलाच्या मानेवर, काखेत मखमलीसारखा जाडसर काळपट पट्टा दिसला की घरोघरी घासणी सुरू होते. उटणं, लिंबू, शेवटी काथ्यासुद्धा. पट्टा हटत नाही, कारण तो मळ नाहीच. रक्तात इन्शुलिन (साखर पेशींत पोहोचवणारं संप्रेरक) फार वाढलं की ते त्वचेच्या पेशींनाही वाढायला लावतं आणि कातडी जाड, काळी होते. घासून फक्त आग होते.

इन्शुलिन वाढतं कशामुळे? कातडीखाली जागा पुरेनाशी झाली की चरबी यकृतात आणि स्नायूंत साठते. मग हे अवयव इन्शुलिनला जुमानत नाहीत आणि स्वादुपिंड ते आणखी तयार करतं. वयात येताना इन्शुलिनचा प्रभाव तसाही कमी होतो. लठ्ठ मुलांत स्वादुपिंडावर दुहेरी ताण. मात्र स्वादुपिंड दमेपर्यंत साखर नॉर्मलच दिसते, म्हणून एकट्या शुगरच्या रिपोर्टवर निर्धास्त राहू नये.

उपाशीपोटी साखर १०० ते १२५ (मिग्रॅ/डेलि) किंवा एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) ५.७ ते ६.४ टक्के आली, तर ती मधुमेहाच्या उंबरठ्यावरची पातळी. सोबत एसजीपीटी (यकृताची तपासणी), लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) आणि बीपीही पाहावं. दहा वर्षांपुढच्या मुलांत ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १३० च्या वर किंवा एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ४० च्या खाली असेल तर दखल घ्यावी. यकृतातली चरबी दुखत नाही, त्यामुळे ती तपासणीतच सापडते. मुलींच्या पाळीत मोठे खंड पडत असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. शिवाय लोहाची कमतरता असेल तर एचबीएवनसी उगीच जास्त येऊ शकतं. आपल्याकडे पंडुरोग (अंगात रक्त कमी असणं) इतका सर्रास आहे की हिमोग्लोबिन सोबत पाहिलेलंच बरं.

घरी शिंप्याचा टेप पुरतो. मुलाला सरळ उभं करा. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या बरोबर मध्ये, श्वास सहज सोडल्यावर टेप धरा, आवळू नका. कंबर उंचीच्या निम्म्याच्या आत हवी. म्हणजे १५० सेंमी उंचीला ७५ च्या खाली. वजनकाट्यापेक्षा हे माप पोटावरची चरबी जास्त नेमकी सांगतं.

लातूर, नांदेड, संभाजीनगरच्या क्लासेसमध्ये पोरं दिवसभर बाकावर आणि रात्री अभ्यासाला जागतात. जोडीला चहा-खारी, चिप्स, कोल्ड्रिंक. २५० मिलीच्या बाटलीत साधारण २५ ग्रॅम, म्हणजे पाच-सहा चमचे साखर असते. त्यातल्या फ्रुक्टोजचा (साखरेच्या एका घटकाचा) बहुतेक भार यकृतावर पडतो आणि जादा झालं की त्याची चरबी होते. पहिला बदल इथेच करावा. ज्वारीची भाकरी, वरण, पालेभाजी चांगलीच. पण भाकरीवर भाकरी चढवली तर उपयोग नाही. मेसमध्ये वाढण्याचा आग्रह थांबवला तरी बरंच साधतं. रोज तासभर दम लागेल इतकं खेळणं हवं, एप्रिल-मेमध्ये सकाळी आठच्या आत किंवा ऊन उतरल्यावर. काम करणारा स्नायू इन्शुलिनची वाट न पाहता साखर ओढून घेतो.

उंची वाढत असलेल्या मुलाला उपाशी ठेवू नका. लठ्ठपणा फार नसेल तर वजन आहे तिथेच थोपवणं पुष्कळदा पुरतं. उंची वाढली की प्रमाण सुधारतं.

एक गोष्ट मात्र तातडीची. सतत तहान, रात्री उठून लघवी आणि खाऊनही वजन घटणं. आपल्याकडे अशा तहानेचं खापर उन्हाळ्यावर फोडलं जातं. ही लक्षणं दिसली तर त्याच दिवशी साखर तपासा. कधीही तपासलेली साखर २०० च्या वर आली किंवा सोबत उलट्या, धाप असेल, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.