हरवलेला कर्सर शोधून देणारी साधने : पार्श्वभूमी

१९८४ साली आलेल्या ॲपलच्या पहिल्या मॅकिंटॉश संगणकाची स्क्रीन ९ इंची होती. तिच्यावर ५१२ बाय ३४२ पिक्सेल मावत आणि कर्सर (माउसबरोबर फिरणारा बाण) १६ बाय १६ पिक्सेलच्या चौकटीत बसे, म्हणजे स्क्रीनच्या साधारण ६८०व्या भागात. आजच्या फोर-के मॉनिटरवर ३८४० बाय २१६० पिक्सेल असतात. विंडोजच्या कर्सरची ३२ बाय ३२ची चौकट तिथे स्केलिंग न करता, म्हणजे आकार न वाढवता, ठेवली, तर ती स्क्रीनचा ८१००वा भाग व्यापते, आणि प्रत्यक्ष बाण त्या चौकटीहूनही लहान असतो. शेजारी तसाच दुसरा मॉनिटर जोडला की हे प्रमाण पुन्हा निम्म्यावर येते. कर्सर हरवतो तो वापरणाऱ्याच्या वेंधळेपणामुळे नव्हे, या हिशेबामुळे.

त्यात डोळ्याची रचना भर घालते. माणसाला अगदी स्पष्ट दिसते ते नजरेच्या केंद्रातल्या जेमतेम दोन अंशांपुरतेच. कडेच्या नजरेला बारीक आकार ओळखता येत नाहीत, हालचाल मात्र चटकन जाणवते. म्हणून बाण सापडेना की आपण न शिकवताही माउस हलवून पाहतो. पुढची काही चांगली साधने या सवयीवरच उभी राहिली.

गंमत अशी की कर्सर हरवण्याची तक्रार मोठ्या स्क्रीनच्या आधीची आहे. सुरुवातीच्या लॅपटॉपचे एलसीडी इतके संथ होते, की बाण वेगाने सरकला तर तो उमटायच्या आतच पुढे गेलेला असे. थांबेपर्यंत दिसतच नसे. १९९२च्या विंडोज ३.१मध्ये माउसमागे बाणांची शेपटी सोडण्याची सोय होती, ती अशा स्क्रीनवर फार उपयोगी पडे. युनिक्स या संगणक प्रणालीच्या जगात त्याआधीच एक्सआईज हा छोटा प्रोग्राम आला होता : कोपऱ्यातल्या छोट्या खिडकीत दोन डोळे आणि कर्सर जाईल तिकडे फिरणारी बुबुळे. मूळ कल्पना १९८८च्या सिग्राफ या संगणक-चित्रण परिषदेत दिसली आणि प्रोग्रामर कीथ पॅकार्ड यांनी ती युनिक्सवर खिडक्या दाखवणाऱ्या एक्स विंडो प्रणालीवर आणली. अनेकांनी ते खेळणे म्हणून पाहिले, पण बाण कुठल्या दिशेला आहे हे ते अचूक सांगते, आणि माझ्या मते तो या साधनांचा खरा पूर्वज आहे.

विंडोज ९८ने एकाच संगणकाला अनेक मॉनिटर जोडू दिले. २००१च्या विंडोज एक्सपीत कंट्रोल कळ दाबून सोडली की बाणाभोवती आकसत जाणारी वर्तुळे दिसू लागली. विंडोजच्या कोडमध्ये या सोयीचे नाव सोनार. ती आजही आहे, पण मुळात बंद असते, आणि माउसच्या जुन्या सेटिंग्जमध्ये पॉइंटर ऑप्शन्सपर्यंत जाऊन चालू करावी लागते. त्यामुळे ती आहे हेच कित्येकांना माहीत नसते.

संशोधकांनी प्रश्न आणखी खोलात नेला. स्क्रीन सेकंदाला ६० वेळा रंगते असे धरा. पाव सेकंदात बाण फोर-के स्क्रीनच्या या टोकाहून त्या टोकाला गेला, तर तो फक्त १५ ठिकाणी उमटतो, दोन ठिकाणांमध्ये सुमारे २५६ पिक्सेलची उडी. डोळ्याला सलग रेघ मिळतच नाही, मग तो माग कसा काढणार? मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधील पॅट्रिक बॉडिश आणि सहकाऱ्यांनी २००३ साली या रिकाम्या जागांत जादा बाण भरून दाखवले. २००५मध्ये अझम खान आणि सहकाऱ्यांनी भिंतीएवढ्या स्क्रीनसाठी वेगळा मार्ग सुचवला : कर्सरभोवतीचे वर्तुळ उजळ ठेवायचे आणि बाकी सगळे अंधुक करायचे.

सर्वांत सहज उत्तर २०१५मध्ये ॲपलच्या मॅक संगणकांसाठीच्या ओएस एक्स एल कॅपिटन आवृत्तीत आले. माउस भराभर हलवला की बाण मोठा होतो, थांबला की पुन्हा लहान. काही शिकायचे नाही, कळ लक्षात ठेवायची नाही, आणि सोय आधीपासूनच चालू. असे हलवणे ओळखण्यामागचे गणितही साधे आहे : थोड्या वेळात बाण बरेच अंतर चालला, पण घुटमळला लहानशा जागेतच, तर हात काम करत नाही, शोधतो आहे. लिनक्सवर केडीई प्लाझ्मा या डेस्कटॉपच्या ६.१ आवृत्तीने २०२४मध्ये हीच सोय मुळातून चालू ठेवून दिली.

विंडोजसाठीच्या जादा साधनांचा मायक्रोसॉफ्टचा संच म्हणजे पॉवरटॉइज. त्यात २०२१ साली ‘फाइंड माय माउस’ दाखल झाले. ते मायक्रोसॉफ्टचे प्रोग्रामर रेमंड चेन यांच्या सुपरसोनार या साधनावर आधारलेले आहे. डावी कंट्रोल कळ दोनदा दाबली की स्क्रीन काळवंडते आणि कर्सरभोवती उजेडाचे वर्तुळ उरते. पुढे त्यातही माउस हलवून शोधण्याचा पर्याय आला. स्क्रीनभर उभी-आडवी रेघ काढून बाण दाखवणारे साधन त्याच संचात आहे. ज्यांची दृष्टी अधू आहे त्यांना ते अधिक उपयोगी, कारण रेघ कायम ठेवता येते आणि तिची जाडी व रंग निवडता येतो.

पॉवरटॉइज मात्र वेगळे उतरवून घ्यावे लागते. ज्याला सर्वाधिक गरज आहे, त्या वयस्कर किंवा कमी दिसणाऱ्या माणसापर्यंत ते सहसा पोहोचत नाही. माउस हलवून बाण मोठा करण्याची सोय विंडोजमध्येही पहिल्या दिवसापासून चालू असायला हवी.