दुप्पट मोठा, आठपट जड

संध्याकाळी खोलीत एकच दिवा लावला, खुर्चीच्या पाठीवर काळा लोकरी स्वेटर टाकला आणि दोन कॅमेऱ्यांनी त्याचे फोटो काढले. एक कॅमेरा मोठा, फुल फ्रेम सेन्सरचा (सेन्सर म्हणजे फिल्मच्या जागी बसून प्रकाश टिपणारा तुकडा), लेन्ससकट दीड किलोच्या आसपास. दुसरा खिशात मावणारा. चौकट सारखी, शटरचा वेळ सारखा, एफ-नंबरही, म्हणजे लेन्सचं छिद्र किती उघडं ते सांगणारा आकडाही सारखा. मग दोन्ही फोटो स्क्रीनवर शेजारी शेजारी ठेवून बाहीची घडी मोठी करून पाहिली. मोठ्या कॅमेऱ्याच्या फोटोत विणीचा एकेक टाका सुटा दिसत होता, लोकरीचे तंतूसुद्धा. छोट्याच्या फोटोत त्याच जागी मेण वितळून पसरावं तसा काळा-करडा पट्टा होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तोच स्वेटर गच्चीवर उन्हात टाकला आणि तेच सगळं पुन्हा केलं. या खेपेला कुठला फोटो कुठल्या कॅमेऱ्याचा, हे फाइलचं नाव पाहिल्याशिवाय मला सांगता येईना.

प्रवासाला निघताना मोठा कॅमेरा घ्यावा की छोटा, हा प्रश्न बहुतेक वेळा आवडीनिवडीवर सोडला जातो. मला वाटतं, या प्रश्नाचा मोठा भाग भौतिकशास्त्र सोडवू शकतं. दिव्याखाली एवढा फरक आणि उन्हात जवळजवळ शून्य, असं का झालं हे कळलं की सॅक भरताना हात आपोआप योग्य कॅमेऱ्याकडे जातो.

पाऊस पडत असताना अंगणात एक परात आणि एक वाटी ठेवली, अशी कल्पना करा. पाऊस दोन्हींवर सारखाच पडतोय, पण थेंब परातीत जास्त जमतात, कारण तिचं तोंड मोठं आहे. प्रकाशही असाच थेंबाथेंबाने, म्हणजे फोटॉनच्या रूपात येतो आणि सेन्सर ते मोजतो. गंमत अशी की पाऊस एकसारखा असला तरी थेंब मोजूनमापून पडत नाहीत. एखाद्या क्षणात सरासरी १०० थेंब पडणार असतील, तर प्रत्यक्षात कधी ९१ पडतील, कधी १०८. हा चढउतार साधारण सरासरीच्या वर्गमुळाएवढा असतो: १०० थेंबांमागे १०, म्हणजे दहा टक्के. पण सरासरी १०,००० असेल तर चढउतार १०० चा, म्हणजे फक्त एक टक्का. फोटोत दिसणारे दाणे, ज्याला आपण नॉईज म्हणतो, ते बऱ्याच अंशी हेच आहेत. त्यात सेन्सरचा दोष थोडा, प्रकाशाचा स्वभाव जास्त.

उन्हात दोन्ही भांडी भरून वाहतात. भर दुपारच्या उन्हात प्रकाशाची तीव्रता एक लाख लक्सच्या घरात असते, घरातल्या दिव्याखाली शंभर-दोनशे लक्स. एवढी रेलचेल असताना छोट्या सेन्सरलाही पुरेसे फोटॉन मिळतात आणि उरलेला नॉईज डोळ्याला जाणवत नाही. दिव्याखाली मात्र वाटीच्या तळाशी चार थेंब. त्यांतून चित्र उभं करताना छोट्या कॅमेऱ्यातला प्रोसेसर दाणे पुसायला जातो आणि दाण्यांबरोबर विणीचे टाकेही पुसून टाकतो. तेच ते मेण.

आता आकडे. फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिलिमीटरचा, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. चांगल्या कॉम्पॅक्ट, म्हणजे खिशातल्या कॅमेऱ्यात असतो तो 'एक इंची' सेन्सर १३.२ × ८.८ मिलिमीटर, म्हणजे ११६. (या नावातला इंच कुठेही मोजून सापडत नाही, सेन्सरचा कर्णसुद्धा फक्त १६ मिलिमीटर आहे. जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांमध्ये काचेची नळी असायची, तिच्या बाहेरच्या व्यासावरून मापं ठरत आणि ती पद्धत अजून चालू आहे. खरेदी करणाऱ्याला या नावांचा उपयोग होत नाही. लांबी-रुंदी पाहा, तीच खरी.) साध्या पॉइंट-अँड-शूटमध्ये याहून लहान, जेमतेम २८ चौरस मिलिमीटरचा तुकडा असतो.

फुल फ्रेम आणि एक इंचीची तुलना धरून चालू. लांबीत मोठा सेन्सर २.७ पट. क्षेत्रफळात, म्हणजे जमणाऱ्या प्रकाशात, सुमारे साडेसात पट. नॉईज वर्गमुळाने सुधारतो, म्हणून चित्राचा स्वच्छपणा पुन्हा २.७ पटच. आणि वजन? तेवढंच दृश्य, त्याच एफ-नंबरने मोठ्या सेन्सरवर पाडायचं तर लेन्सची लांबी, रुंदी आणि जाडी तिन्ही २.७ पट करावी लागतात. काचेचं आकारमान घनाने वाढतं: २.७ चा घन, म्हणजे जवळजवळ वीसपट. गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात प्राण्यांच्या हाडांबद्दल मांडलेला हा वर्ग आणि घनाचा हिशोब कॅमेऱ्यालाही चुकत नाही. दुप्पट मोठा कॅमेरा चौपट प्रकाश घेतो, दुप्पट स्वच्छ चित्र देतो आणि त्यासाठी आठपट काच वाहायला लावतो. प्रत्यक्षात कॅमेऱ्याच्या बॉडीचं वजन इतकं वाढत नाही, कारण बॅटरी, स्क्रीन आणि हातात धरायची जागा सगळ्यांनाच लागते. पण लेन्सच्या बाबतीत हा हिशोब कोणालाही टळलेला नाही.

व्ह्यूफाइंडरकडे, म्हणजे डोळा लावून पाहायच्या खिडकीकडे दृश्य वळवणारा आरसा काढून टाकलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांनी तो टाळला असं बऱ्याच जणांना वाटतं. कॅननच्या आरशावाल्या कॅमेऱ्यांत लेन्स जिथे बसते ती कडा सेन्सरपासून ४४ मिलिमीटर दूर होती, मिररलेसमध्ये ती २० वर आली. बॉडी पातळ झाली, रुंद दृश्याच्या लेन्सही आटोपशीर झाल्या, हे खरं. लांबच्या पल्ल्याची लेन्स मात्र होती तेवढीच राहिली, कारण तिच्यातल्या काचेचा व्यास आरसा ठरवत नव्हता.

व्यास हा शब्द इथे फार महत्त्वाचा आहे. एफ-नंबर म्हणजे फोकल लेन्थ (लेन्सचं मिलिमीटरमधलं माप, ते जितकं जास्त तितकं दूरचं मोठं दिसतं) भागिले छिद्राचा व्यास. फुल फ्रेमवर ५० मिलिमीटरची लेन्स एफ ४.९ ला लावली तर छिद्र १० मिलिमीटरच्या किंचित वर. एक इंची सेन्सरवर तेवढंच दृश्य १८ मिलिमीटरच्या आसपासची लेन्स दाखवते आणि तिला एफ १.८ ला लावलं तर छिद्र पुन्हा तेवढंच! छिद्र सारखं, तर दृश्यातून आत येणारा एकूण प्रकाशही सारखा आणि मागचा भाग धूसर होण्याचं प्रमाणही सारखं. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. मोठा कॅमेरा घेतला, पण वजन वाढू नये म्हणून त्यावर एफ ५.६ वाली हलकी झूम लेन्स चढवली, तर एफ १.८ वाल्या चांगल्या कॉम्पॅक्टपेक्षा तुम्ही तेवढ्याच वेळात किंचित कमीच प्रकाश गोळा करताय. ओझं मोठ्या कॅमेऱ्याचं आणि फोटो छोट्याचा. प्रवासाला निघालेल्या माणसाची ही सगळ्यात नेहमीची फसगत आहे आणि ती पाहिली की मला खरोखर हळहळ वाटते, कारण बिचाऱ्याने पाठ दुखवून घेतलेली असते.

डोंगरदऱ्यांच्या फोटोतही थोडं असंच होतं. पायाशी असलेल्या फुलापासून क्षितिजापर्यंत सगळं रेखीव हवं म्हणून मोठ्या कॅमेऱ्यावर आपण छिद्र आवळून एफ ११ ला नेतो. एक इंची सेन्सरवर एफ ४ ला तेवढीच खोली मिळते. मोठ्याचं मोठं छिद्र आपणच बंद करून ठेवलेलं असतं. ट्रायपॉड असेल किंवा ऊन भरपूर असेल, तर शटर जास्त वेळ उघडं ठेवून मोठा सेन्सर आपला फायदा वसूल करतो, एरवी नाही.

मग मोठा कॅमेरा कुठे खरोखर जिंकतो? एक म्हणजे लांबच्या गोष्टींत. डोंगरामागून वर येणारा पूर्ण चंद्र डोळ्यांना केवढा दिसतो आणि फोटोत केवढासा येतो, हा अनुभव प्रत्येकाच्या गाठीशी असेल. आकाशात चंद्राची रुंदी जेमतेम अर्धा अंश. लेन्स त्याचं जे चित्र पाडते त्याचा व्यास फोकल लेन्थच्या एकशेदहाव्या भागाएवढा असतो. फुल फ्रेमवर २४ मिलिमीटरच्या लेन्सने चंद्र ०.२ मिलिमीटरचा उमटतो. २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर एक पिक्सेल सुमारे ६ मायक्रॉनचा, म्हणजे अख्खा चंद्र पस्तीस-छत्तीस पिक्सेलांत बसला. ४०० मिलिमीटरच्या लेन्सने तोच ३.६ मिलिमीटरचा, सहाशे पिक्सेल रुंद होतो आणि विवरांच्या कडा दिसायला लागतात. पण ४०० मिलिमीटर आणि एफ ५.६ म्हणजे ७१ मिलिमीटरचं छिद्र. पुढची काच त्याहून लहान असू शकत नाही. पाणवठ्यावरचे पक्षी, माळावरचं हरीण, उंच कड्यावरचं घरटं असं काही टिपायला निघाला असाल, तर ही काच वाहण्याला पर्याय नाही.

दुसरं, कमी प्रकाशात हलणाऱ्या गोष्टी. स्थिर अंधार छोट्या कॅमेऱ्यांनी बराच काबूत आणला आहे. एकामागोमाग नऊ फोटो काढून त्यांची सरासरी घेतली की नॉईज एक तृतीयांश होतो, कारण नऊचं वर्गमूळ तीन. साडेसात पट प्रकाशाची तूट आठ-नऊ फोटोंनी भरून निघते. मोबाइल रात्रीच्या वेळी 'हलू नका' म्हणतो तेव्हा आत हेच चाललेलं असतं. पण दिव्यांच्या उजेडात नाचणारी माणसं आठ-नऊ फोटो होईपर्यंत एका जागी थांबत नाहीत. तिथे सगळा प्रकाश एका क्षणात गोळा करावा लागतो आणि परातच लागते.

मोठ्या कॅमेऱ्याचं वजन सगळंच वाया जात नाही, हेही सांगायला हवं. जड वस्तू हाताच्या कंपाने सहज हलत नाही. शिवाय व्ह्यूफाइंडर डोळ्याला, कोपरं बरगड्यांना असं धरलं की शरीराचाच ट्रायपॉड होतो. कॉम्पॅक्ट हात पुढे करून धरला जातो आणि तिथे कंप वाढतो. कॉम्पॅक्टचा पट्टा गळ्यात घालून, कॅमेरा पुढे ओढून तो ताणून धरला तर बराच फरक पडतो. करून पाहा.

आज जिला आपण मोठी म्हणतो ती ३६ × २४ ची चौकट एकेकाळी छोटी म्हणूनच जन्माला आली होती. जर्मनीत वेट्झलार इथे लाइट्झ या सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्या कारखान्यात ऑस्कर बार्नाक काम करायचा. त्याला भटकंतीची आणि फोटोंची आवड होती, पण दम्याचाही त्रास होता. फोटो काचेच्या प्लेटांवर उमटवणारा जड कॅमेरा घेऊन चढ चढणं त्याला झेपत नसे. त्याने सिनेमाची ३५ मिलिमीटर फिल्म आडवी चालवली, तिच्यावरची १८ × २४ ची चौकट दुप्पट केली आणि १९१४ च्या सुमारास हातात मावणारा कॅमेरा तयार केला. १९२५ मध्ये तो 'लायका' या नावाने बाजारात आला. लहान निगेटिव्ह, त्यावरून मोठं चित्र, ही त्याची कल्पना. २९ मे १९५३ रोजी एव्हरेस्टच्या माथ्यावर एडमंड हिलरीने तेनसिंगचा फोटो काढला तोही घडी घालता येणाऱ्या, ३५ मिलिमीटर फिल्मच्या कोडॅक रेटिना कॅमेऱ्यावर. थंडीपासून जपण्यासाठी हिलरीने तो शर्टाच्या आत ठेवला होता. आजच्या लिथियम बॅटऱ्यांनाही थंडी मानवत नाही, त्यामुळे हा उपाय अजून लागू आहे, फक्त कॅमेरा शर्टाच्या आत मावला पाहिजे.

आपल्याला नेमकं काय लागतं, हे कळण्याची जागा आपल्याकडेच असते. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये फोकल लेन्थ, आयएसओ (सेन्सरचा संकेत किती वाढवला तो आकडा, उजेड कमी तेव्हा जास्त) आणि शटरचा वेळ लिहिलेला असतो. मागच्या दोन-तीन प्रवासांतले फोटो उघडा, पण सगळे नकोत. छापून घेतलेले, कोणाला पाठवलेले, पुन्हा पाहावेसे वाटलेले तेवढेच घ्या. ते बहुतेक फुल फ्रेमच्या हिशोबाने २४ ते ७० मिलिमीटरमधले आणि आयएसओ ८०० च्या आतले असतील, तर खिशातला कॅमेरा पुरे. २०० मिलिमीटरच्या पुढचे किंवा आयएसओ ३२०० च्या वरचे फोटो पुन्हा पुन्हा येत असतील, तर मोठा कॅमेरा घ्या आणि त्यावर मोठ्या छिद्राची लेन्सच लावा.

मी माझे उघडले. जवळजवळ सगळे उजेडातले, ३५ मिलिमीटरच्या आसपासचे निघाले. मध्येच सलग काही फोटो ४०० मिलिमीटरचे होते: पहाटेच्या धुक्यात नदीच्या काठावर उभा राखी बगळा, चोचीत तडफडणारा मासा आणि माशाच्या शेपटीवरून उडालेले पाण्याचे तीन थेंब, तिन्ही सुटे सुटे.